आठवी ब चं रिकामं टेबल

वडिलांच्या कारखान्याच्या गेटवर टाळेबंदीची नोटीस लागली तेव्हा मी सहावीत होतो. घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत आमची खोली. वडील भांडुपच्या कारखान्यात पॅकर होते. नोटीस लागल्यावर ते मिळेल तिथे हमाली करायला लागले आणि आई लोकांच्या गोधड्या शिवायला बसली. त्याच आठवड्यात शाळेत हस्तकलेच्या सरांनी फळ्यावर यादी लिहिली. वेलवेट पेपर, मोती, सॅटिनची रिबन, चमकी.

ती यादी मी घरी वाचून दाखवलीच नाही. आईला एवढंच सांगितलं की हाताने केलेली काहीतरी वस्तू न्यायची आहे. तिने मला शेजारी बसवलं, धावदोरा शिकवला. गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांतून मी तिच्यासाठी सुया ठेवायचं एक छोटं पुस्तक शिवलं. कापडाची चार पानं, पानात सुया टोचून ठेवायच्या, पुस्तक मिटायचं, नाडी बांधायची.

सरांनी ते दोन बोटांनी उचललं. "चिंध्या आणल्यास होय रे?" म्हणाले, आणि वहीत ड लिहिला.

घरी आईने विचारलं, "काय म्हणाले सर?"

"छान म्हणाले."

आईने ते पुस्तक पुढे कित्येक वर्षं वापरलं. मी बी.ए. झालो, बी.एड. झालो. आमच्या सगळ्या गोतावळ्यात पहिला पदवीधर मी. मुलुंडच्या एका खाजगी मराठी शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हाही तो ड मी विसरलो नव्हतो. शाळेने मला इतिहास दिला, आणि बाकी कुणालाच नको होता म्हणून कार्यानुभवही दिला.

कार्यानुभव म्हणजे हाताने काहीतरी करायचा विषय. आठवड्याला दोन पिरियड. लेखी परीक्षा नाही, मार्क नाहीत, फक्त ग्रेड. अ, ब, क, ड. ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. तेव्हा आमच्या शाळेत या विषयाची पद्धत अशी होती की जूनमध्ये साहित्याची यादी द्यायची, मुलांनी घरून वस्तू करून आणायची, आणि डिसेंबरात गॅदरिंगच्या दिवशी हॉलमध्ये टेबलं मांडून त्यांचं प्रदर्शन करायचं. ज्याची वस्तू देखणी त्याला अ. मोत्यांचा राजहंस, आइस्क्रीमच्या काड्यांचा लॅम्पशेड, मॅक्रमे, म्हणजे सुतळीला गाठी मारून केलेलं शोभेचं घुबड. यातलं बरंचसं मुलांच्या आया आणि मावश्या करायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

मला आठवी ब दिली होती. आदल्या वर्षीचं ग्रेडबुक उघडलं तर ड ची रांगच लागलेली. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येकासमोर तेच वाक्य : साहित्य आणले नाही.

मी ग्रेडबुक मिटलं आणि पर्यवेक्षिका करंदीकर बाईंकडे गेलो.

"बाई, आठवी ब ला यादी देणार नाही."

"म्हणजे? मुलं करणार कशाचं?"

"घरात जे आहे त्याचं."

"साळवे, त्या मुलांच्या घरात काय आहे ते मला ठाऊक आहे."

"मला जरा जास्त ठाऊक आहे, बाई."

हे मी बोलायला नको होतं असं नंतर दोघा-तिघांनी सांगितलं. कारण माझं प्रोबेशनचं दुसरं वर्ष सुरू होतं. नव्या शिक्षकाची दोन वर्षं पारख होते, त्याला प्रोबेशन म्हणतात. या काळात शाळा त्याला नको म्हणू शकते. ती पार पडली की कन्फर्मेशन, नोकरी कायम. त्यासाठी पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक जो अहवाल लिहितात तो जानेवारीत जायचा. वडिलांना पुन्हा पक्की नोकरी लागली नव्हती. आमच्या घरात 'कायम' हा शब्द लावता येईल अशी एकच गोष्ट होऊ घातली होती, ती ही.

तरी मी यादी दिली नाही.

पहिल्या पिरियडला मी वर्गात सुईदोरा घेऊन गेलो. मागच्या बाकावरून रमेश म्हणाला, "सर, आम्ही काय पोरी आहोत का?"

"शर्टाचं बटण तुटलं तर काय करतोस?"

"आई लावते."

"आई गावाला गेली तर?"

"सेफ्टी पिन."

"आणि पिन हरवली तर?"

"मग वाट लागली, सर."

"ती लागू नये म्हणून शिक."

धावदोरा म्हणजे सुई कापडात आत-बाहेर धावत नेणारा साधा टाका. बखया म्हणजे प्रत्येक टाक्याला थोडं मागे येऊन पुढे जाणारा, पक्का. दोन महिने मी हे दोनच टाके शिकवले. स्टाफरूममध्ये मला शिंपीसर म्हणायला लागले. हाक आली की मी ओ द्यायचो.

मग नियम सांगितले. वस्तू विकतच्या सामानाची चालणार नाही. घरी करायची नाही, वर्गातच करायची. आधी एका चिठ्ठीवर लिहायचं, कुणासाठी. घरातल्या कोणत्या माणसाची कोणती अडचण आहे ते बघायचं आणि त्या अडचणीची वस्तू करायची. दिवाळीला ती त्या माणसाला द्यायची. ग्रेड तेव्हा मिळणार नाही. त्या माणसाने महिनाभर वापरल्यावर डिसेंबरात मिळेल. वापरताना उसवली, फाटली तर ग्रेड कमी करणार नाही. पुन्हा शिवली तर वाढवीन.

चिठ्ठ्या आल्या. सुनंदाचे वडील आधी गिरणीत होते, आता मुलुंडलाच एका सोसायटीत वॉचमन. डब्याची प्लॅस्टिकची पिशवी सारखी फाटते, म्हणून तिने कापडी पिशवी धरली. विलासची आजी चष्मा उशाखाली ठेवायची आणि काड्या वाकवून घ्यायची. त्याने जुन्या पॅन्टच्या पायातून चष्म्याचं घर केलं. रमेशची यमुना आत्या मुलुंडच्या बाजारात मासळी विकायची. डोक्यावर पाटी घेऊन तिची मान दुखायची. रमेशने तिच्यासाठी चुंबळ केली. चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायचं कापडी कडं. पोरी आहोत का विचारणारा हाच.

मंदार नावाचा एक मुलगा चांगल्या घरचा होता. त्याची आई एक दिवस मॅक्रमेचं घुबड घेऊनच शाळेत आली.

"सर, एवढं सुंदर केलंय त्याने आणि तुम्ही घ्यायला तयार नाही?"

"कुणी केलं?"

"मंदारने. मी फक्त थोडी मदत केली."

मी दोरीचा तुकडा टेबलावर ठेवला. "मंदार, यातली कुठलीही एक गाठ मारून दाखव."

मंदारने दोरीकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्या चपलांकडे.

"वर्गात त्याला सुई टोचली, ते चालतं तुम्हाला?" मंदारच्या आई म्हणाल्या.

"मलाही टोचली होती. सहावीत."

त्या उठून थेट मुख्याध्यापकांकडे गेल्या. दुपारी मला बोलावणं आलं. आमचे मुख्याध्यापक सामंत सर मितभाषी गृहस्थ.

"साळवे, गॅदरिंगला संस्थेचे सेक्रेटरी येतात. प्रदर्शन बघतात. तुमचा अहवाल त्यानंतर महिन्याभरात जातो. लक्षात येतंय ना?"

"हो सर."

"मग?"

"मग काही नाही सर. टेबल लावतो."

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी मी मोठ्या पुठ्ठ्यावर पोस्टर कलरने बोर्ड रंगवला. टाकाऊतून टिकाऊ. कार्यानुभवाच्या सगळ्या पुस्तकांत हेच लिहिलेलं असायचं. अक्षर माझं चांगलं आहे. मुलांना बजावलं, "उद्या सकाळी वस्तू घेऊन यायच्या. दिवसभरासाठी मागून आणा, संध्याकाळी परत."

सकाळी हॉलमध्ये टेबलं लागली. आठवी अ ने दोन राजहंस ठेवले. आठवी क ने आगपेटीच्या काड्यांचा किल्ला. आमच्या टेबलावर मी पांढरी चादर पसरली, मागे बोर्ड टांगला आणि मुलांची वाट बघत उभा राहिलो.

मुलं आली. हात हलवत आली.

"विलास, चष्म्याचं घर?"

"आजी देत नाही, सर. म्हणते, आज घर मागतोस, उद्या डोळे मागशील."

"रमेश?"

"आत्या पहाटेच मासळी आणायला धक्क्यावर गेली. चुंबळ घेऊनच जाणार ना, सर. पाटी काय हातात नेणार?"

"सुनंदा?"

"बाबा ड्युटीवर. डबा पिशवीत."

असं एकामागून एक. कुणाच्या काकूने गरम पातेलं धरायचे कापडी चौकोन धुऊन दोरीवर घातले होते, ते ओले होते. कुणाच्या वडिलांनी पत्रं ठेवायचा पुठ्ठ्याचा कप्पा भिंतीला खिळ्यांनी असा ठोकला होता की निघेना. सगळ्या वर्गातून चार-पाच वस्तू आल्या असतील. एवढ्या मोठ्या चादरीवर त्या विसरून राहिल्यासारख्या दिसत होत्या.

चूक माझीच होती. वापरायच्या वस्तू करायला लावल्या, आणि त्या वापरात असतील हे मलाच सुचलं नाही.

करंदीकर बाई फेरी मारत आल्या. टेबल बघून थांबल्या. खरं सांगायचं तर त्या रागावल्या नाहीत, घाबरल्या. "अहो साळवे, हे काय? सेक्रेटरी दहाला येतायत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "स्टोअरमध्ये गेल्या वर्षीच्या वस्तू आहेत. राजहंस आहे, लॅम्पशेड आहे. शिपायाला सांगते, आणून मांडा. कुणाला कळतंय?"

मला मोह झाला. खोटं का बोलू. घरी आईने आदल्या दिवशी विचारलं होतं, "कागद कधी येणार रे, कायमचा?"

"मुलांना कळेल, बाई," मी म्हणालो. "नको."

"मग तुमचं तुम्ही बघा."

मी मुलांना बसवलं. 'कुणासाठी' असं लिहिलेल्या जुन्या चिठ्ठ्या माझ्या कपाटात होत्या. त्या वाटल्या. "जी वस्तू आली नाही तिच्या जागी ही चिठ्ठी ठेवायची. खाली एक ओळ वाढवा. वस्तू आत्ता कुठे आहे? खरं तेच लिहा."

दहा मिनिटांत चादर भरली. कागदांनी.

वस्तू : चुंबळ. कुणासाठी : यमुना आत्या. आत्ता कुठे : मासळी बाजारात, तिच्या डोक्यावर.

वस्तू : चष्म्याचं घर. कुणासाठी : आजी. आत्ता कुठे : आजीच्या कमरेला, नाडीने बांधून.

मंदारने काठीच्या मुठीला मऊ कापडी गवसणी केली होती. त्याने लिहिलं : आजोबांच्या काठीला. आजोबा बागेत. त्याच्या दप्तरातून घुबडाचे पंख बाहेर डोकावत होते. आईने पाठवलं असणार. त्याने दप्तराचा पट्टा ओढून बंद केला.

सेक्रेटरी दहाला नाही, साडेअकराला आले. राजहंसांचं कौतुक करून आमच्या टेबलाशी पोचले. सोबत सामंत सर आणि करंदीकर बाई.

"हे काय? रिकामं टेबल?"

"वस्तू वापरात आहेत, सर. त्या कुठे आहेत ते लिहिलंय."

त्यांनी दोन-चार चिठ्ठ्या वाचल्या. आजीच्या कमरेपाशी थोडे हसले. मग चिठ्ठी खाली ठेवून म्हणाले, "कल्पना बरी आहे, मास्तर. पण कागदावर काहीही लिहिता येतं. प्रदर्शन म्हटलं की वस्तू दिसली पाहिजे. काय सामंत?"

सामंत सर पुढची चिठ्ठी वाचायला लागले. करंदीकर बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दा बरोबर होता. वस्तू कुठे होत्या?

तेवढ्यात सुनंदाची आई आली. नवऱ्याच्या गेटवर जाऊन, डबा त्याच्या हातात ठेवून, रिकामी पिशवी घेऊन ती चालत आली होती. मुलीच्या टेबलावर काही नाही म्हटल्यावर मुलगी हिरमुसेल, एवढंच तिच्या डोक्यात. पिशवी हिरव्या लुगड्याची, दुहेरी शिवलेली, बंदांना बखया. तळाला डाळीचा डाग. ती पिशवी टेबलावर ठेवणार, इतक्यात तिने वर बघितलं आणि सुनंदाला विचारलं, "वर काय लिवलांहा गो?"

सुनंदाने वाचून दाखवलं. टाकाऊतून टिकाऊ.

तिने पिशवी पुन्हा छातीशी धरली. माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, ह्यां लुगडां माझ्या सासवेचां. आमी ता कधीच टाकूक नाय. मगे टाकाऊ कसां?"

सेक्रेटरी, मुख्याध्यापक, सगळे ऐकत होते. आमच्या घरात आईने कधी कापडाची एक पट्टी फेकली नाही. टाकाऊ हा शब्द आमच्या खोलीत मी कधी ऐकला नव्हता. दोन डिग्र्या घेतल्यावर तोच मी सुबक अक्षरात रंगवून पोरांच्या डोक्यावर टांगला होता. सहावीतले सर चिंध्या म्हणाले होते. मी जरा शुद्ध भाषेत तेच म्हटलं होतं.

"चूक झाली, ताई," मी म्हणालो. स्टुलावर चढलो आणि बोर्ड उतरवला.

"अहो, पण तो सिलॅबसमधला शब्द आहे," करंदीकर बाई म्हणाल्या.

"सिलॅबसमध्ये राहू दे, बाई. या टेबलावर नको."

सुनंदाच्या आईने मग पिशवी ठेवली. डाग वर येईल अशीच ठेवली.

सेक्रेटरी पुढे जायला निघाले होते. दाराशी गडबड ऐकू आली. शिपाई कुणालातरी अडवत होता. "मासळी घेऊन आत नाही, मावशी. पाहुणे आहेत."

"पाटी इथंच ठेवते रे. तू राख. मांजर आलं तर तुझ्या पगारातून कापीन." यमुना आत्याचा आवाज सगळ्या बाजाराला पुरेल असा होता. ती तरातरा आत आली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि रमेशला विचारलं, "कुठं ठेवायची?"

रमेशने आपली चिठ्ठी बाजूला सरकवली. तिने चुंबळ तिथे ठेवली. ओली, खवलं चिकटलेली, वास मारणारी. सेक्रेटरींचा हात रुमालाकडे गेला आणि थांबला.

"हे तू केलंस?" त्यांनी रमेशला विचारलं.

"हो सर. दोनदा केली. पहिल्यांदा आत नुसत्या बनियनच्या पट्ट्या भरल्या, ती चपटी झाली. आत्या म्हणाली, पोळी केलीस का रे? मग उसवली आणि मधे काथ्याचा पीळ घातला. वरून पुन्हा बनियन. आता बसत नाही."

"शिवण कुठली ही?"

"बाहेरून बखया. आत धावदोरा चालतो, आत कोण बघतंय."

सेक्रेटरींनी चुंबळीवर बोट दाबून बघितलं. खरंच बसली नाही. आत्याला विचारलं, "उपयोग होतो का?"

"मान दुखायची थांबली. अजून काय पायजे?" ती म्हणाली. "पण अर्धा तास ठेवते हां. जास्त नाय. माझी गिऱ्हाइकं बाकी हायत."

अर्धा तास ती हॉलमध्ये एका बाकावर बसून राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला चुंबळ दाखवत होती. मधेच जाऊन राजहंस बघून आली. "ह्याचं काय करतात?" तिने करंदीकर बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "शोकेसमध्ये ठेवतात." "बरं," आत्या म्हणाली. अर्धा तास झाल्यावर तिने चुंबळ उचलली, डोक्यावर ठेवली आणि गेली. रमेशने चिठ्ठी परत मधोमध सरकवली.

जानेवारीत सामंत सरांनी मला केबिनमध्ये बोलावून अहवाल दाखवला. करंदीकर बाईंनी लिहिलं होतं : प्रदर्शनात वस्तू अत्यल्प. सूचना पाळत नाहीत. स्वभाव हट्टी. खाली सामंत सरांचं बारीक अक्षर : कायम करावे.

"हट्टी हा शेरा तसाच राहणार का, सर?"

"खोटा आहे का?"

"नाही."

"मग सही करा, साळवे."

करंदीकर बाई निवृत्त होईपर्यंत त्यांचं माझ्याविषयीचं मत बदललं नाही. माझंही त्यांच्याविषयी फारसं बदललं नाही. पण ऐन वेळी स्टोअर उघडून द्यायला त्याच तयार झाल्या होत्या, हे मी विसरत नाही. त्या मला बुडवायला निघाल्या नव्हत्या. टेबल रिकामं दिसू नये एवढीच त्यांची धडपड होती. पुढच्या जूनपासून आठवीच्या तिन्ही वर्गांची साहित्याची यादी बंद झाली. का, ते कुणी लेखी कळवलं नाही.

बोर्डाचा पुठ्ठा मी घरी नेला होता. आईने उलटसुलट बघितला आणि मापात कापून पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी घातला. ट्रंक गंजत होती, तिला हवाच होता. त्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं की सहावीत सर छान म्हणाले नव्हते, ड दिला होता. ती सुया काढत होती, त्याच पुस्तकातून. म्हणाली, "ठाऊक आहे रे. तोंड बघितलं होतं तुझं."

या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळलंय की कुणासाठी केलेली वस्तू प्रदर्शनाला हजर असेलच असं नाही. नसली तर आधी चौकशी करावी, मग ग्रेड द्यावी.

त्या वर्षीचं आठवी ब चं ग्रेडबुक माझ्या अक्षरात आहे. कार्यानुभवाच्या रकान्यात एकही ड नाही.